बिट अडकतं, मनगट फिरतं

ड्रिल मशीन सुरू झालं की बघणारे दोन पावलं मागे सरतात. फिरणाऱ्या बिटाची भीती वाटते सगळ्यांना. मला भीती वाटते ती फिरता फिरता अडकणाऱ्या बिटाची. सळईत, लाकडाच्या गाठीत किंवा पत्र्याच्या काठात बिट रुतलं तरी मोटर लगेच थांबत नाही, ती जोर लावतच राहते. बिट जागचं हलत नाही म्हटल्यावर तो जोर मशीनच्या बॉडीवर उलटतो. मग बॉडी फिरते, आणि बॉडीबरोबर ती धरलेला हात.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझं पॉवर टूल दुरुस्तीचं दुकान आहे. वडील मोटर रिवाइंडिंग करायचे, मी त्यांच्याच हाताखाली आर्मेचर भरायला शिकले. आता टेबलावर ड्रिल, हॅमर, ग्राइंडर, मार्बल कटर आणि बॅटरीवरची मशिन्स असतात. मशीन घेऊन आलेल्या माणसाच्या हाताकडे माझं लक्ष आधी जातं. मनगटाला पट्टी दिसली की मी विचारते, "साइड हँडल कुठाय?" उत्तर बहुतेक ठरलेलं असतं : "आडवं येतंय म्हणून काढून ठेवलंय की ताई, पेटीत हाय."

हे मनगटाचं दुखणं पूर्वी एवढं नव्हतं. वडिलांच्या वेळचं १० मिलिमीटर चकचं (चक म्हणजे बिट धरणारा जबडा) साधं ड्रिल वेगात फिरायचं, पण त्यात पीळ कमी असायचा. अडकलं की घरघर करून थांबायचं, फार तर आर्मेचर जळायचं. आता हातात मावणाऱ्या बॅटरीच्या ड्रिलवर ५० ते ६० न्यूटन-मीटर लिहिलेलं असतं आणि मोठ्या मशिन्सवर हा आकडा १००-१५० पर्यंत जातो. न्यूटन-मीटर हे टॉर्कचं, म्हणजे पिळाच्या जोराचं माप. एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला दहा किलो वजन टांगलं तर नटावर साधारण १०० न्यूटन-मीटर पीळ बसतो.

आता हे माप हातावर लावून बघा. पिस्तुलासारखं मशीन धरल्यावर चकच्या मध्यापासून तुमची मूठ साधारण १० सेंटिमीटर खाली असते. मशीन ६० न्यूटन-मीटरचं असेल आणि बिट पूर्ण अडकलं तर मुठीवर ६० किलोच्या आसपास जोर येतो. एका मनगटाने ६० किलो आडवे कोण रोखणार? दुसऱ्या बाजूला साइड हँडल लावलं आणि दुसरा हात मध्यापासून २० सेंटिमीटर लांब धरला, तर तोच पीळ दोन हातांत वाटला जातो आणि प्रत्येक हातावर २० किलोच्या आसपास येतो. धडधाकट माणूस तयारीत उभा असेल तर हे पेलतं. "आडवं येतंय" म्हणून काढून ठेवलेल्या त्या दांड्याची किंमत एवढी आहे.

"अडकलं की लगेच बोट सोडतो," असं पुष्कळ जण सांगतात. हिशोब करू. पहिल्या गिअरला मशीन मिनिटाला ४०० फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला साडेसहा. झटका बसलाय हे कळून ट्रिगरवरचं बोट सुटायला पाव सेकंद तरी जातो. तेवढ्या वेळात मोकळं मशीन दीड फेरा मारू शकतं, आणि मनगटाला तर अर्धा फेराही सोसत नाही. शिवाय मशीन हातात पिळलं की माणूस घाबरून मूठ आणखी आवळतो आणि ट्रिगर जास्तच दाबला जातो. म्हणूनच मोठ्या टॉर्कच्या मशीनला ट्रिगर दाबून ठेवणारं लॉक बटण कधीच वापरू नये. ते बटण लागलेलं असताना बिट अडकलं तर सोडायला काही उरतच नाही.

याच ठिकाणी एक मोठा गैरसमज आहे. मशीनच्या डोक्यावर १ आणि २ असा खटका असतो. नवखा माणूस म्हणतो, एक नंबरवर हळू फिरतंय, म्हणजे ते बिनधोक. पण मोटर तीच असते. गिअरने वेग चौपट कमी केला की पीळ साधारण चौपट वाढतो. हळू फिरणारं मशीनच मनगट मोडतं. एक नंबर लावला की दोन्ही हात मशीनवर हवेत.

झटका कुठल्या बाजूने येणार हेही आधी ठाऊक असावं. मागून बघितलं तर बिट घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतं, म्हणून अडकल्यावर बॉडी उलटी फिरते : खालची मूठ उजवीकडे फेकली जाते आणि डावीकडचं साइड हँडल खाली जातं. उजव्या हाताला लागून कॉलम असेल, खिडकीची चौकट असेल, तर बोटांची पेरं मूठ आणि भिंतीच्या मध्ये चेचतात. तिथे जागा नसेल तर उभं राहायची बाजू बदला. बिट बाहेर काढायला मशीन उलटं फिरवलं तर झटकाही उलट्या बाजूने येतो. त्यापेक्षा बॅटरी किंवा पिन काढून चक हाताने फिरवून बिट सोडवलेलं बरं.

सगळ्यात वाईट जागा म्हणजे छज्जा. स्प्लिट एसीचा पाइप बाहेर काढायला भिंतीला दोन-अडीच इंचांचं भोक लागतं. ते कोअर बिटने पाडतात. हे बिट म्हणजे पोकळ नळकांडं, तोंडाला हिऱ्याच्या कणांचे दात बसवलेले. वीट असेपर्यंत ते सरळ जातं. वाटेत आरसीसीचा बीम आला आणि दात सळईला लागला की बिट एकदम धरतं. एसी बसवणारा पोरगा तेव्हा दीड फूट रुंदीच्या छज्ज्यावर पाठ मोकळी टाकून उभा असतो आणि कमरेला पट्टा नसतो. जमिनीवर ज्या झटक्याने मनगट मुरगळतं, तो तिथे माणसाला खाली फेकू शकतो. असं भोक शक्य असेल तिथे खोलीच्या आत उभं राहून पाडावं. बाहेरूनच पाडायची वेळ आली तर पट्टा बांधल्याशिवाय ट्रिगर दाबू नये. या बाबतीत मी कुणाचीही सबब ऐकत नाही.

मशीनच्या आत या झटक्यावर एक उपाय केलेला असतो, त्याला क्लच म्हणतात. ठरावीक पिळाच्या वर जोर गेला की क्लच घसरतो. कटकट आवाज येतो, बिट थांबतं आणि मोटर मोकळी फिरते. बॅटरीच्या ड्रिलला चकच्या मागे आकड्यांची रिंग असते, तो क्लचच. आकडा लहान ठेवला की क्लच लवकर सुटतो. रिंगवर ड्रिलचं चित्र असतं, तिथे लावलं की क्लच बाजूला राहतो आणि सगळा पीळ हातावर येतो. स्क्रू मारताना रिंग आकड्यावरच ठेवा. मोठ्या हॅमर मशीनमध्ये क्लच गिअरबॉक्सच्या आत असतो. बॉश, हिल्टीसारख्या कंपन्यांच्या काही मशीनमध्ये त्याच्यापुढचं साधनही आहे : बॉडी अचानक फिरू लागली की सेन्सरला कळतं आणि मोटर बंद होते. अशी मशिन्स महाग असतात, पण ज्याचं पोटच कोअर कटिंगवर आहे त्याने घेतलीच पाहिजेत.

हॅमरचा क्लच वापरून झिजला की लवकर घसरायला लागतो. मग गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "ताई, मशीन दम धरत नाही, क्लच टाइट करून द्या." काही जण तर क्लच वेल्डिंग करून पक्का करून मागतात. बाजारात असं करून देणारे आहेत. मी देत नाही. क्लच बदलून देते, परवडत नसेल तर मशीन तसंच परत करते. क्लच पक्का केलेलं हॅमर मशीन दिसायला आधीसारखंच दिसतं, आणि ते पुढे कुणाच्या हातात जाईल हे कुणालाच सांगता येत नाही.

आता स्वस्त मशीनबद्दल. मी स्वस्ताच्या विरोधात नाही. घरात चार फ्रेम, पडद्याची पट्टी आणि एखादं शेल्फ बसवणाऱ्याने साधं १० मिलिमीटरचं ड्रिल घ्यावं, खुशाल स्वस्तातलं घ्यावं. फक्त पैसा कुठे वाचवलाय हे माहीत हवं, आणि ते खोक्यावर लिहिलेलं नसतं. मशीन उघडलं की दिसतं. बॉल बेअरिंगच्या जागी नुसता बुश असतो. तांब्याच्या तारेऐवजी वरून तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार असते, पात्याने जरा खरवडली की आतून पांढरी दिसते. अशी मोटर लवकर तापते, पण तापून बंद पडणं त्यातल्या त्यात परवडलं. मला खरी काळजी वाटते ती स्विचची.

एक ग्राइंडर आलं होतं. तक्रार अशी की स्विच सोडला तरी बंद होत नाही, पिन उपटावी लागते. तो माणूस तसंच महिनाभर वापरत होता. स्विच उघडला तर आतल्या तांब्याच्या दोन पट्ट्या एकमेकींना चिकटलेल्या, स्क्रूड्रायव्हर घालून सुटेनात. स्विच लहान आणि मोटरचा करंट मोठा असला की प्रत्येक वेळी ठिणगी पडते, पट्ट्यांची टोकं वितळतात आणि एक दिवस झाळून बसतात. मग मशीन तुमचं ऐकत नाही. हे ड्रिलमध्ये झालं आणि त्याच वेळी बिट अडकलं तर काय होईल याचा विचार करा. म्हणून नवं असो, जुनं असो, भाड्याचं असो, हातात घेतल्यावर बिट न लावता ट्रिगर पाच-सहा वेळा दाबून सोडा. दरवेळी ताबडतोब सुटलं पाहिजे. एकदा जरी रेंगाळलं तरी ते मशीन काम करायच्या लायकीचं नाही.

दुसरी जागा म्हणजे वायर जिथे मुठीत शिरते ती. तिथे रबरी बूट असतो आणि आत वायर आवळणारी पट्टी. स्वस्त मशीनमध्ये ही पट्टी नावाला असते, आणि वायरही अशी कडक की वाकवून वाकवून बुटापाशी चिरते. मशीन वायरला धरून उचलायची सवय असेल तर आणखी लवकर. मशीनच्या पट्टीवर एका चौकोनात दुसरा चौकोन अशी खूण असेल तर ते दुहेरी इन्सुलेशनचं आहे, त्याला अर्थिंग लागत नाही. जुन्या लोखंडी किंवा ॲल्युमिनियम बॉडीच्या ड्रिलला मात्र तिसरी, अर्थिंगची पिन लागतेच. ती कापू नका. आणि सॉकेटमध्ये उघड्या वायरी खोचून काडीने घट्ट करायची आपल्याकडची पद्धत आता बंदच झाली पाहिजे. ज्या बोर्डावरून मशीन चालवता त्याला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असावा. करंट कुठेतरी, माणसाच्या अंगातूनसुद्धा, गळायला लागला की तो क्षणात लाइन तोडतो. ग्रॅनाइटच्या ओट्याला नळासाठी भोक पाडताना बिटावर पाणी सोडावं लागतं, तिथे तर याच्याशिवाय हातच लावू नये.

बॅटरीच्या मशीनवर ४८, ८८, १२८ असे आकडे छापलेले असतात आणि गिऱ्हाइकाला वाटतं ते व्होल्ट आहेत. उघडलं की बहुतेक वेळा आत पाच सेलची ओळ निघते. लिथियमचा एक सेल साधारण ३.६ व्होल्टचा, भरगच्च चार्ज झाल्यावर ४.२. पाच सेलचे झाले १८ व्होल्ट, पूर्ण चार्ज असताना २१. म्हणजे १८ आणि २१ लिहिलेली मशिन्सही एकाच व्होल्टेजची. आकडा फुगवलेला असतो त्या बॅटरीत सेलही कसलेतरी असतात आणि चार्जर कधी थांबायचं ते ओळखत नाही. अशी बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावून झोपू नका, गादीवर किंवा सोफ्यावर चार्ज करू नका. फुगलेली दिसली तर वापर त्याच दिवशी बंद.

पैसे वाचवायचेच असतील तर मशीनमध्ये वाचवा, बिटात नको. बोथट बिट हे अर्ध्या अपघातांचं मूळ आहे असं माझं ठाम मत आहे. बिट कापत नाही म्हणून माणूस अंगाचा भार टाकतो, आणि पत्र्यातून पलीकडे निघताना तो भार घात करतो. एमएसच्या, म्हणजे साध्या लोखंडाच्या, जाड पट्टीला भोक मारताना नीट बघा : बिट धारदार असेल तर सुरुवातीला कीस लांब वळ्यांनी निघतो. पलीकडे टोक फुटतं तेव्हा आवाज बदलतो, मशीन पुढे ओढल्यासारखं होतं. त्या वेळी तळाला पातळ काठ उरलेला असतो, बिटाच्या धारा त्यात आट्यांसारख्या गुंततात आणि पट्टी गरकन फिरते. आपल्याकडे फॅब्रिकेशनवाले ती पट्टी चपलेखाली दाबून धरतात. फिरलेली पट्टी पायाची बोटं कापते. व्हाइसमध्ये धरा, नाहीतर सी-क्लॅम्प लावा, खाली लाकडाचा तुकडा ठेवा आणि आवाज बदलला की भार काढून घ्या. वेगही महत्त्वाचा : साध्या लोखंडाला ६ मिलिमीटरच्या एचएसएस बिटासाठी मिनिटाला १३०० फेरे ठीक, १० साठी ८०० च्या आसपास. मोठं बिट आणि पूर्ण ट्रिगर म्हणजे बिटाची धार जळालीच.

हातमोज्यांबद्दल गोंधळ आहे. धारदार पत्रा उचलताना हातमोजे घाला, ड्रिल चालवताना काढा. सुती मोज्याचा एक धागा बिटाला लागला तरी बोट आत ओढलं जातं. ओढणी, पदर, सैल बाही, गळ्यातली साखळी, मोकळे केस यांचंही तेच. मी केस घट्ट बांधून टोपी घालते. आणि चकची चावी चकमध्ये विसरून ट्रिगर दाबला तर ती सुटून तोंडावर येते. काम झाल्याबरोबर ती काढून जागेवर ठेवायची.

ग्राइंडरवर स्वतंत्र लेख व्हावा, पण एक गोष्ट इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११,००० फेरे घेतं. म्हणजे चाकाची कड ताशी २०० किलोमीटरहून जास्त वेगाने पळते. सात इंची चाकावर कमाल ८५०० फेऱ्यांच्या आसपासचा आकडा छापलेला असतो. गार्ड काढून तेच चाक चार इंची मशीनला लावणारे रोज दिसतात. हे चाक फुटायला निमित्तच लागतं आणि समोर चेहरा असतो. लाकूड कापायचं दातेरी ब्लेड ग्राइंडरला लावणं तर त्याहून वाईट, ते लाकडात अडकून उलटं अंगावर येतं. चाकाच्या मधल्या धातूच्या कडीवर मुदतीची तारीख असते, तीही बघून घ्या.

झटका बसलाच आणि मनगट सुजलं तर चोळू नका, हाड बसवून घ्यायला जाऊ नका. अंगठ्याच्या मुळाशी असलेलं स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड मोडलं तर पहिल्या एक्स-रेत कधीकधी दिसतही नाही. तिथे दाबल्यावर दुखत राहिलं तर डॉक्टरांना पुन्हा दाखवा. ते हाड सांधलं नाही तर पकड कायमची कमी होते, आणि कारागिराची पकड गेली की धंदा गेला. डोळ्यात कण गेला तरीही तेच, चोळायचं नाही, थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं.

१९४८ च्या कारखाने अधिनियमात डोळ्यांच्या संरक्षणासाठी वेगळं कलम घातलं होतं. पण तो कायदा कारखान्यासाठी होता. तुमच्या-माझ्या घरी पडद्याची पट्टी ठोकायला येणाऱ्या पोराच्या डोळ्यांवर लक्ष ठेवायला कुणी इन्स्पेक्टर येत नाही. म्हणून ठेकेदारांना विनंती आहे की मशीनच्या पेटीतच चष्मा ठेवा आणि तो लावल्याशिवाय काम सुरू करू देऊ नका. आणि घरच्यांनो, भोक कुठे हवं हे दाखवायच्या आधी भिंतीतून वायर आणि पाइप कुठून गेलेत ते सांगा. स्विचबोर्डच्या सरळ वर, खाली किंवा बाजूला आणि गिझरच्या नळांच्या रेषेत भोक मारू देऊ नका. त्याला प्लास्टिकच्या खुर्चीवर चढवू नका. घरात पक्की शिडी नसेल तर शेजारून आणा.